कापलेल्या दोन ओळी

मी घाबरट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी शोध लावल्यासारखं म्हणायला नको. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा गाडी चालवत असला की मी शेजारी बसून पायाने ब्रेक दाबते. लेक लहानपणी झोक्यावर बसली की मी समोर हात पसरून उभी. आणि अशा बाईला नोकरी कसली मिळावी, तर चीनचं आणि जपानचं सरकार एकमेकांना काय काय बोललं ते रोज पहाटे उठून वाचायची.

पुण्यात कॉलेजात असताना मी सकाळच्या बॅचला जपानी शिकले. लग्न होऊन इकडे परदेशात, ब्लँचर्डस्टाउनला आले तेव्हा वाटलं, झालं, आता या जपानीचं लोणचं घालायचं. नवरा सॉफ्टवेअरमधला, त्याला कामाला तोटा नव्हता. मी लेकीला शाळेत सोडायचे, आणायचे, आणि बसच्या धुकट काचेवर बोटाने तिला जपानी अक्षरं काढून दाखवायचे. मग एक दिवस कळलं की इथल्या एका छोट्या कंपनीला जपानी वर्तमानपत्रं आणि सरकारी निवेदनं वाचून इंग्रजीत गोषवारा करणारं माणूस हवंय. जहाजवाले, विमावाले, एक-दोन वकिलाती हे त्यांचे ग्राहक. तेव्हापासून मी पहाटे साडेपाचला मागच्या छोट्या खोलीत बसते. तिकडे तेव्हा दुपार झालेली असते. साडेआठपर्यंत माझा गोषवारा लिमरिकला आमच्या संपादकबाईंकडे जातो, त्या तपासून पुढे पाठवतात.

काम ऐकायला मोठं वाटतं, पण करायचं काय असतं, तर कालचं निवेदन आणि आजचं निवेदन शेजारी शेजारी ठेवायचं आणि काय बदललं ते बघायचं. काल नुसती चिंता होती, आज तीव्र निषेध आला. काल राजदूताला एका अधिकाऱ्याने बोलावून घेतलं होतं, आज मंत्र्याने बोलावलं. काल शेवटी 'संवादाची दारं उघडी आहेत' असं वाक्य होतं, आज ते वाक्य नाही. मला सगळ्यात जास्त धडकी भरते ती या गळलेल्या वाक्याची. बरं, कोणी आवाज चढवत नाही. आमच्या पुण्याच्या सोसायटीत पार्किंगवरून याच्या दसपट कालवा व्हायचा. दोन सरकारं इतक्या सभ्यपणे एकमेकांना बोलतात की नवखा माणूस वाचून चहा प्यायला निघून जाईल. मी वर्षानुवर्षं वाचत आलेय, त्यामुळे माझा चहा गार होतो.

तरी बरीच वर्षं ती भीती कामापुरतीच होती. साडेआठ वाजले की लॅपटॉप बंद, पोळ्या सुरू. मग लेक तिकडे गेली.

इथून बरीच मुलं जातात. कॉलेज झालं की एक-दोन वर्षं जपानला शाळेत इंग्रजी शिकवायचं, फिरायचं, परत यायचं. लेकीने अर्ज केला तेव्हा मीच तिचा फॉर्म तपासून दिला, वर शेजारणीला कौतुकाने सांगितलं. जपानमध्ये कुठे पाठवायचं ते तिकडचे लोक ठरवतात. हिचं पत्र आलं आणि मी त्या बेटाचं नाव वाचलं. पार दक्षिणेचं, तैवानच्या कुशीतलं. माझ्या गोषवाऱ्यात महिन्यातून दोनदा तरी येणारं. ती मात्र नकाशावर बोट ठेवून म्हणत होती, "आई, लुक, बीचेस."

आमची लेक मराठी सगळं समजते आणि उत्तर देते ते इंग्रजीत, तेही अस्सल इथल्या सुरात. लहानपणी मी खूप डोकं आपटलं. "मराठीत बोल, नाहीतर जेवण नाही," इथपर्यंत जाऊन पाहिलं. ती इंग्रजीतच "ओके, नो डिनर" म्हणायची आणि प्रेसमधून बिस्किटं काढून खायची. प्रेस म्हणजे इथे कपाट. मी पण आता तसंच म्हणते, कोणाकोणाशी भांडणार.

तिकडे गेल्यावर ती खुशीत होती. प्राथमिक शाळा, बावीस मुलांचा वर्ग. फोनवर सगळं रंगवून सांगायची. एकदा तिने चेहऱ्यांची कार्डं केली होती, आनंदी, रागावलेला, दमलेला, घाबरलेला. मुलांना घाबरलेल्याचं कार्ड सगळ्यात आवडलं. ती कार्ड वर करायची आणि बावीसच्या बावीस मुलं गालांवर हात ठेवून 'आय अ‍ॅम स्केअर्ड' ओरडायची. व्हिडिओ पाठवला होता तिने. मी तो दहा वेळा बघितला. एका छोटीला पुढचे दोन दात नव्हते आणि तीच सगळ्यात मोठ्याने ओरडत होती.

आणि मी काय करत होते, तर माझ्या लेकीला रोज सकाळी घाबरवत होते. खोटं कशाला बोलू. कामावरचं बाहेर सांगायचं नाही असा आमचा नियम आहे, तो मी पाळला, पण वर्तमानपत्रात छापून आलेलं कोणीही सांगू शकतं. आज तुझ्या बेटाजवळ गस्तीची जहाजं आली म्हणे. आज त्यांनी आपल्या नागरिकांना तिकडे जाऊ नका म्हणून सांगितलं. आज यांनी राजदूताला बोलावलं. ती कधी अंगठा पाठवायची, कधी "आई, स्टॉप. आय'म ग्रँड." ग्रँड म्हणजे या देशात काहीही असतं. पाय मोडला तरी इथला माणूस ग्रँड असतो. मला राग यायचा. हिला भीती कशी वाटत नाही, मी म्हणायचे नवऱ्याला. अक्कल असती तर वाटली असती.

"तिला भीती वाटून तुला काय मिळणारे?" नवरा विचारायचा. तो नागपूरचा, त्याला कशानेच काही होत नाही.

"घरी येईल."

हेच होतं माझ्या मनात. तिचा करार एका वर्षाचा, आणि पुढचं वर्ष राहायचं की नाही ते जूनअखेर कळवायचं होतं. माझं सगळं लक्ष त्या कागदावर. तिने सही करू नये म्हणून मी दोन देशांचं परराष्ट्र खातं हाताशी धरलं होतं. तिला एकदा नीट भीती वाटू दे, बास. देवासमोर दिवा लावताना सुद्धा मी हे मागितलंय. लाज वाटते, पण मागितलंय.

आता त्या दोन ओळींचं सांगते, कारण दोष माझाच आहे.

निवेदनांबरोबर मला तिकडच्या बेटांवरच्या नगरपालिकांच्या सूचनाही येतात. पाणी अमक्या वेळी बंद, तमकी फेरी रद्द, वादळ येतंय. प्रत्येक सूचनेच्या डोक्यावर दोन ओळींचा मथळा असायचा, कोणत्या खात्याची, कोणत्या प्रकारची सूचना वगैरे. रोज तेच ते. माझा स्क्रीन त्यानेच भरून जायचा. मी संपादकबाईंकडे भुणभुण केली, की मथळे कापून टाका, मला नुसता मजकूर येऊ दे, वेळ वाचेल. त्यांनी कापायला लावले. स्क्रीन स्वच्छ झाला, मी खूश. कंपनीतल्या नव्या मुलींना शिकवताना मीच सांगते की आधी मथळा वाचा. पण स्वतःला माणूस शहाणं समजतं ना.

जूनचा दिवस होता. पहाटे साडेपाचला इथे तेव्हा लख्ख उजेड असतो. कचरा न्यायला बिनवाला यायचा वार, खाली डब्यांचा खडखडाट चालला होता. त्या आठवड्यात निवेदनं वाईट होती. दारं उघडी असल्याचं वाक्य दोन्ही बाजूंनी चार दिवस गायब. मी चहा घेऊन बसले, आणि सहा वाजून काही मिनिटांनी लेकीच्या बेटाची सूचना आली.

सर्व रहिवाशांनी ठरलेल्या जागी जमावं. शाळांनी मुलांना व्यायामशाळेच्या इमारतीत घ्यावं. बंदराकडे जाणाऱ्या बस पुढच्या सूचनेनुसार सुटतील. वयस्कर लोक आणि लहान मुलं आधी.

मी ते परत वाचलं. एवढी वर्षं ज्या वाक्याला घाबरत होते ते शेवटी आलं, असंच वाटलं मला. लेकीला फोन लावला, वाजत राहिला. पुन्हा लावला. सहा वेळा लावला. मग मेसेज लिहिला. तिला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून इंग्रजीत लिहिला. बेट रिकामं करायची सूचना निघालीय. सरकारी आहे, मी स्वतः वाचलीय. कोणी काहीही सांगितलं तरी ऐकू नकोस, थांबू नकोस, एअरपोर्टवर जा, मिळेल ते विमान धर.

पाठवला. खाली दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे वाचला. उत्तर नाही.

मग मी जिन्यातून नवऱ्याला हाक मारली. तो दात घासता घासता आला. मी बोलत होते ते मलाच कळत नव्हतं. त्याने तोंड धुतलं, माझ्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आधी तुमच्या बाईंना फोन कर. खरं असेल तर त्यांनाही कळायला हवं."

संपादकबाई नुकत्या उठल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, एक मिनिट थांब म्हणाल्या. मूळ पान त्यांच्याकडे उघडतं, मथळ्यासकट. मला त्यांच्या किटलीचा आवाज ऐकू येत होता. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या की वरच्या ओळीत सराव असं लिहिलंय. दुसऱ्या ओळीत पुन्हा, सराव. ही ड्रिल आहे. आणि मग, अगदी सांभाळून, की मथळे आपण काढले होते, आठवतंय ना.

आठवत होतं.

जीव भांड्यात पडला म्हणतात, तो माझा पडला, पण एका क्षणापुरताच. कारण लगेच तो मेसेज डोळ्यांसमोर आला. लेकीला ठाऊक असणार की ड्रिल आहे. शाळेने सांगितलं असणार. मला तिने सांगितलं नव्हतं, का सांगेल, मी आठवडाभर तिचं डोकं खाल्लं असतं. आणि आता तिथे, ड्रिलच्या मध्यात, तिला आईचा मेसेज गेला होता की कोणी काहीही सांगितलं तरी ऐकू नकोस. तिची आई पोटापाण्यासाठी हेच वाचते. आईला शाळेच्या आधी कळलं असेल, ड्रिल चालू असताना खरंच काही झालं असेल, असंच वाटणार कोणालाही.

मी लिहायला लागले की चूक झाली, ड्रिलच आहे. अर्धं लिहिलं आणि फोन वाजला. तिचाच, व्हिडिओ.

मोठा हॉल. लाकडी जमीन. तिच्या मागे मुलं ओळीने बसलेली, डोक्यावर भूकंपाच्या वेळी घालतात ती गादीसारखी टोपडी. आणि लेक हसत होती. छान, रुंद, फोटोला हसतात तशी. तिचे डोळे मात्र हसत नव्हते, आणि फोन इतका हलत होता की मागची मुलं पाण्यात बसल्यासारखी दिसत होती. पुढच्या ओळीतली ती दात पडलेली छोटी मान उंचावून बघत होती.

मी काही बोलायच्या आत ती बोलली. मराठीत.

"आई, हस. मुलं बघतायत."

तिचं मराठी मी असं कधी ऐकलंच नव्हतं. एकेक शब्द प्रेसच्या मागच्या कोपऱ्यातून शोधून काढल्यासारखा, आणि सगळ्याला इथला सूर. ती हसत हसत बोलत राहिली.

"इंग्लिश त्यांना कळतं. मी शिकवलं. जपानी त्यांचंच आहे. आई, खरं आहे? मला खूप भीती वाटते. मला घरी यायचं. पण ही बावीस आहेत. यांना सोडून मी कशी येऊ? तू सांग ना."

मला घरी यायचं. चार महिने मी देवाकडे हेच मागत होते. शब्दसुद्धा तेच. आणि मी कबूल करते, एक श्वासभर मी गप्प बसले. ही भीती हिच्या अंगात जरा मुरू दे, असं माझ्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात त्या छोटीने गालांवर हात ठेवले, कार्डातल्यासारखे, आणि मान तिरकी करून टीचरकडे बघितलं, की हेच का?

त्या छोटीला शब्दांची गरजच नव्हती पडली.

"खोटं आहे," मी म्हटलं. "ड्रिल आहे, सोन्या. मी चुकले. मी वरच्या ओळी नाही वाचल्या. ड्रिलच आहे, शंभर टक्के." आणि हसले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी दात दाखवत होते. बाजूला नवरा उभा, तोही वेड्यासारखा हसत हात हलवत होता. मुलांनी पण हात हलवले.

लेकीचं हसू तसंच राहिलं थोडा वेळ. मग तिने इंग्रजीत म्हटलं, "ओके. बाय, आई," आणि फोन ठेवला.

नऊ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. वडिलांशी बोलायची, मी खोलीत आले की आवाज हळू करायची. तिचं बरोबर होतं. मी त्या नऊ दिवसांत काम केलं, पोळ्या केल्या, टॉवेल घड्या करून हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, ठेवले, आणि मथळे परत सुरू करायला लावले. आता प्रत्येक सूचनेच्या डोक्यावर त्या दोन ओळी येतात आणि मी त्या मोठ्याने वाचते. संपादकबाईंनी मला एका शब्दाने टोचलं नाही. त्यांनी टोचलं असतं तर बरं वाटलं असतं.

दहाव्या दिवशी तिचा फोन आला. नेहमीसारखी, इंग्रजीत. सही केलीय म्हणाली, अजून एक वर्ष. त्या हॉलमध्ये तिला कळलं होतं की मुलांना सोडून ती जाणार नाही, खरंच काही झालं तरी सगळ्यात शेवटच्या बसमध्ये असेल. हे तिला आधी ठाऊक नव्हतं, मी तो मेसेज पाठवला म्हणून कळलं. हे ती रागाने म्हणाली नाही. साधंच सांगत होती. ज्या भीतीने ती घरी यायची होती, त्या भीतीने तिचा पाय तिथेच रोवला गेला, आणि ती भीती मी घातली होती.

"बातम्या नको सांगू मला," ती म्हणाली. "काय जेवलीस विचार. इतर आया विचारतात तसं."

तेव्हापासून मी काय जेवलीस विचारते. ती सांगते, कडू कारल्यासारखी भाजी मिळते तिकडे, अंड्यात परतून. मी म्हणते त्यात गूळ घाल थोडा. ती म्हणते गूळ कुठून आणू, आई. असं चालतं आमचं.

काल सकाळी दोन्ही निवेदनं शेजारी ठेवली. काय बदललं होतं ते इथे लिहीत नाही. मी गोषवारा पाठवला, तोंड धुतलं, केस विंचरले आणि तिला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होत होती. ती ओट्यापाशी काहीतरी चिरत होती, फोन डब्याला टेकवून ठेवलेला.

"काय केलंयस जेवायला?" मी विचारलं आणि हसले.

तिने मान वर केली. सुरी खाली ठेवली. फोन हातात घेऊन चेहऱ्याजवळ धरला आणि बराच वेळ माझ्या हसण्याकडे बघत राहिली. ते हसू तिचंच होतं, हॉलमधलं, तिला ते ओळखायला कितीसा वेळ लागणार.

मग तिथे ऐकायला कोणी नसताना ती मराठीत म्हणाली, "मला पण भीती वाटते, आई."

आणि आम्ही दोघी भाजीबद्दल बोलायला लागलो.